टोकाची गाठ

"अहो चादरवाले, हा केस कुणाचा?"

सतरा नंबरच्या बर्थवरचे गृहस्थ दोन बोटांच्या चिमटीत एक लांब केस धरून उभे होते. चादरवाल्याने आधी केसाकडे पाहिलं, मग गृहस्थांच्या गुळगुळीत टकलाकडे. केस त्यांचा नव्हता, एवढं तर उघडच होतं.

"बदलून देतो साहेब."

"बदलून काय देता? तक्रारवही आणा आधी! धुतलेली तरी आहे का ही?"

धुतलेली नव्हतीच. गाडी डोंगरातल्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जायची आणि तशीच परत फिरायची. ठेकेदार धुतलेली पाकिटं नेहमी कमीच पाठवायचा. मग आदल्या फेरीतल्या, दिसायला बऱ्या चादरी निवडायच्या, पाण्याचा हात फिरवायचा, जुन्याच घडीवर घडी घालायची, गादीखाली दाबायच्या आणि कागदी पाकिटात सरकवायच्या. सगळे हेच करत. पहिल्या वर्षी चादरवाल्याला हे करताना मळमळायचं. एकोणीस वर्षांत ते थांबलं होतं, आणि ते थांबलं याचीच त्याला अलीकडे शिसारी यायची.

प्रवाशांची शिसारी तर रोजचीच. चांगले शिकलेसवरलेले लोक टॉवेलने बूट पुसायचे. उशीखाली अंड्याची टरफलं, खिडकीच्या पडद्याला पुसलेलं पोराचं नाक. घरी यांच्या बायका यांना उंबऱ्याच्या आत घेत नसतील, असं त्याला वाटायचं.

पण तक्रारवही भरली की ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? चादरवाल्याने स्वतःच्या कपाटातून धोब्याकडचं शेवटचं पाकीट काढलं आणि टकलूंच्या हातात ठेवलं. त्यांनी वास घेतला आणि एकदाचे गप्प झाले.

ते पाकीट ताईसाठी ठेवलेलं होतं.

ताई एकतिसाव्या बर्थवर बसली होती. त्याच्या गाडीत ती पहिल्यांदाच आली होती आणि बहुधा शेवटचंच, कारण डोंगरातल्या लेकीकडे आता ती कायमची राहायला निघाली होती. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. ताईने हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुऊन त्याला वाढवलं. नोकरी लागल्यावर तो तिला म्हणाला होता, "ताई, आमच्याकडे प्रत्येकाला ताजी घडी." तेव्हापासून ती हे वाक्य गल्लीभर सांगत आली होती.

आताही समोरच्या मास्तरीणबाईंना तेच चाललं होतं. "आमचा धाकटा ना, या बाबतीत भलता काटेकोर. माझ्याच हाताखाली शिकलाय. आमच्या धुलाईघरात मळकी चादर दिसली की टोकाला गाठ मारायची. गाठ असली की कुणी ती अंथरायची नाही, सरळ उकळत्या पाण्यात."

चादरवाल्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. हातातलं पाकीट गादीखाली दाबलेल्यांपैकीच होतं. संध्याकाळ होत आली होती, घाट सुरू झाला होता आणि दुसरं पाकीट उरलं नव्हतं.

"ताई, हे घे. गार वारं सुटेल आता."

"बस ना जरा रे."

"कामं आहेत गं," म्हणून तो निघालाच. दाराशी जाऊन त्याने एकदा मागे पाहिलं. ताईने चादर मांडीवर घेतली होती आणि घडीच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मग तिने चादर नाकाशी नेली. तो दाराआड झाला. तिचं वय सत्तरीपलीकडचं, नाक काय चालणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती समजूतही त्याला घाणेरडी वाटली.

सकाळी प्रवासी खिडक्यांना नाक लावून डोंगरांचे फोटो काढत होते. डब्यात शिळ्या भाताचा आणि मोज्यांचा वास कोंडला होता. ताई स्वतःचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून बसली होती. डोळे लाल होते.

"झोपलीस ना?"

"झोपले की."

मास्तरीणबाईंनी हसत विचारलं, "मग, कशी होती भावाची चादर?"

ताईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "एकदम धुवट," ती म्हणाली.

जन्मात त्याने तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. स्टेशनवर जावई आला होता. उतरल्यावर ताईने चादरवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "जेवायच्या आधी साबण लावत जा रे." मग जावयाचा हात धरून ती चालायला लागली आणि तिने वळून पाहिलं नाही.

दुपारी गाडी परत फिरणार होती. त्याआधी चादरवाला डबा आवरायला लागला. सगळीकडे बोळे, डाग, साली. एकतीस नंबरवर मात्र चादर व्यवस्थित घडी करून ठेवलेली होती. उचलली तेव्हा टोकाची गाठ दिसली.

त्याने नखांनी सोडवून पाहिली. धुलाईघरातल्या हातांनी मारलेली गाठ, ती हलेना. शेवटी तो दात लावायला गेला. टोक ओठांशी आलं आणि कुणाच्या तरी शिळ्या तेलाचा, घामाचा वास थेट घशात उतरला. एकोणीस वर्षांनी त्याला भडभडून आलं. कचऱ्याच्या पिशवीत थुंकला, तोंड बाहीने पुसलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"झाली का रे पाकिटं?" फलाटावरून ठेकेदाराचा मुकादम ओरडला. "या खेपेला पन्नासच आलीत धुतलेली. बाकीची भर तूच!"

"कमी पडतील," चादरवाला म्हणाला.

"किती?"

त्याने गाठीची चादर धुण्याच्या पोत्यात टाकली. शेजारच्या बर्थवरची उचलली. दिसायला ती अगदी बरी होती, पाण्याचा हात फिरवला असता तर सहज खपली असती.

"बघतो," तो म्हणाला, आणि तिचं टोक शोधून त्याने गाठ मारली.