आठवणीत नसलेले एकवीस दिवस

घट बसून तिसरा दिवस होता. जळकोटच्या त्या घरात उदाचा वास भरला होता आणि अर्पिता गोळ्यांचं पाकीट हातात धरून थोरल्या बहिणीपुढं उभी होती.

"ताई, तीन दिवसांत एक पण गोळी फोडली न्हाईस?"

"उपाशीपोटी घेऊ नको म्हणलेत डॉक्टर. अन् मला तर नुसत्या पाण्यावर नऊ दिवस काढायचेत." राजनंदिनी झेंडूची माळ ओवत शांतपणे म्हणाली. "नवस हाय, अर्पे."

नवस आईनं बोललेला: पोरगी बरी झाली, तर नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहील. गेल्या साली दिवाळीनंतर राजनंदिनी एकाएकी किंचाळायला, तोंड वेडंवाकडं करायला लागली. देवी अंगात आली म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिची ओटी भरली. एक दिवस न्हाय, दोन दिवस न्हाय, चांगली अकरा दिवस भरली! झटका येऊन ती निपचित पडली, तेव्हा कुठं तिला सोलापूरला हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. मग आईचा चेहरा बघून सोपं करून सांगितलं, "रोगाशी लढणारी शरीरातली फौज हिच्या मेंदूलाच वैरी समजलीय. गोळ्या त्या फौजेला आवरून धरतात. मनानं बंद करायच्या नाहीत."

अर्पिताला हे पाठ होतं. राजनंदिनीला मात्र त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आजाराचे एकवीस दिवस डोक्यातून साफ पुसले गेलेले. त्या मोकळ्या जागेत शेजारच्या मथुराबाईंनी देवी नेऊन बसवली होती. आणि खरंच, आपल्याला वेड लागल्यासारखं झालं होतं, यापेक्षा देवी आली होती हे ऐकायला कुणाला गोड वाटणार नाही?

"माळ संपवायचीय, अर्पे," राजनंदिनी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. मग तिसऱ्यांदा.

अर्पितानं ओळखलं. मागच्या खेपेलाही किंचाळायच्या आधी ती असंच एकच वाक्य घोळवत होती, तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "आत्ता खायला घाला, गोळी द्या आणि आजच घेऊन या," त्या म्हणाल्या.

पण ताई तोंड उघडेना. आई उंबऱ्यात उभी, घटाकडं बघत. "देवी कोपली तर?"

गेल्या साली डॉक्टरांना दाखवायला अर्पितानं ताईचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. ताईला ते कधीच दाखवायचं न्हाय, अशी आईनं शपथ घातली होती. अर्पितानं शपथ मोडली.

पडद्यावर एक मुलगी आईच्या मनगटाला चावत होती आणि आई हात मागं घेत नव्हती. "चाव माय, चाव. पर मला वळख."

राजनंदिनी उठली. आईच्या बांगड्या तिनं वर सारल्या. दातांचे वण होते.

"चुलीवर भाजलं म्हणली होतीस."

"मग काय सांगू तुला?" आईनं बांगड्या खाली ओढल्या. तशीच ती आत गेली आणि दूध-भाकरी घेऊन आली. "नवस माझा हाय. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तू खा."

राजनंदिनीनं खाल्लं. गोळी घेतली.

दुपारच्या सोलापूर गाडीत ती खिडकीशी बसली होती. तिनं विचारलं, "तुला पण चावले का गं?"

"न्हाय. शिव्या दिल्यास. लई भारी भारी."

ताई जराशी हसली. मग हळूच म्हणाली, "पुन्हा विसरले तर?"

"तर पुन्हा दाखवीन," अर्पिता म्हणाली, आणि तिचा हात घट्ट धरून बसली.