काठापासून पाण्यापर्यंत

“अक्का, तुम्ही निवांत बसा. तासाभरात सगळं करून देतो. नुसतं पेनड्राइव्ह घेऊन जावा,” मृत्युंजय म्हणाला.

“करून न्हाई पायजे. शिकून पायजे,” पंचशीला म्हणाली आणि बावीस वह्यांचं गाठोडं तिनं टेबलावर असं आदळलं, की शेजारच्या दोन कॉम्प्युटरांचे पडदे भीतीनं काळे पडले.

बसवकल्याणच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर मृत्युंजयची शिकवणी होती. ‘गणिताचं सॉफ्टवेअर शिकवलं जाईल’ अशी पाटी होती, पण शिकायला म्हणून तिथं कुणी येत नसे. कॉलेजातली पोरं यायची, “सर, प्रोजेक्ट” म्हणायची आणि चार दिवसांनी तयार प्रोजेक्ट घेऊन जायची. सहा वर्षांत वेळच न आल्यामुळे मृत्युंजय शिकवणं विसरून गेलाय, असं खालचा झेरॉक्सवाला सांगे. आणि तो माणूस शंभरातलं ऐंशी तरी खरं बोलायचा.

“शिकून काय करणार अक्का, ह्या वयात?”

“वय माझं हाय. तुम्ही सॉफ्टवेअरचं बघा.”

पंचशीला तिथून जवळच्याच मेहकर खेड्यातली. वय एक्कावन्न. दहावीला गणितात पस्तीस, तेही पेपर तपासणाऱ्याला ऐन वेळी शिंक आली म्हणून, असं ती स्वतःच सांगायची. पाणी मोजणाऱ्या कचेरीसाठी गावातल्या श्रीपतरावांच्या विहिरीची पातळी घ्यायची, हे तिचं काम. दर गुरुवारी सकाळी आठ वाजता शिशाचा गोळा बांधलेली टेप ती काठावरून खाली सोडायची. टप् असा आवाज आला की आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. विहिरीतलं म्हातारं कासव त्या आवाजासरशी वर येऊन हजेरी लावायचं आणि टेप गुंडाळून झाल्याशिवाय खाली जायचं नाही, हे मेहकरात कुणीही सांगेल.

ह्याच विहिरीपासून वीस पावलं लांब तिचा आजसासरा रिकामी घागर ठेवून ऊन डोक्यावर येईस्तोवर उभा राहायचा, कुणी वरून ओतील म्हणून. त्या काठावर दोन्ही कोपरं टेकून पंचशीला बावीस वर्षं वाकत होती. पगार होता चहापाण्यापुरता. पण गुरुवार तिचा होता.

आणि गेल्या आठवड्यात कचेरीतले नवे साहेब अंकुशराव वह्या चाळून म्हणाले, “बाई, हे घरी बसून लिहिलेलं आहे.”

पंचशीलाला आधी कळलंच नाही. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. दोन हजार अकराचा जून. एका आठवड्यात पाणी चव्वेचाळीस सेंटिमीटर खाली गेलेलं. “भर पावसात पाणी दीड फूट उतरतं? आणि नंतरच्या एकाही वर्षी तो दीड फूट भरून येत नाही? कॉम्प्युटर म्हणतो हे आकडे बनावट आहेत. महिनाअखेरच्या बैठकीत ही विहीर यादीतून काढतो. वह्या रद्दीत.”

विहीर काढली असती तर तिनं गिळलं असतं. पण ‘घरी बसून’ हे दोन शब्द बाभळीच्या काट्यासारखे आत मोडले.

“कॉम्प्युटर म्हणायलाय ना? मग त्यालाच इचारते,” ती म्हणाली आणि रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं बसवकल्याणला आली.

चार रविवार होते हातात. पहिल्या रविवारी ती एका बोटानं आकडे भरत बसली. बोट असं पडायचं की खाली झेरॉक्सवाल्याला वाटे, वर शेंगा फोडायलेत. मग तिनं पहिला हुकूम लिहिला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

“काय म्हणायलंय हे?”

“चूक झाली म्हणायलंय.”

“कोणची?”

“कंस उघडला, मिटवला न्हाई तुम्ही.”

“मग तसं नीट सांगावं की. एवढं लाल व्हऊन अंगावर कामून यायलंय?”

मृत्युंजय सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. त्या दिवशी आलेल्या दोन पोरांना त्यानं “उद्या या” म्हणून परत पाठवलं.

दुसऱ्या रविवारी अकराशेच्या वर गुरुवार भरून झाले. भाकरी आणि शेंगाची चटणी खाता खाता मृत्युंजयनं पडद्याकडे बोट केलं.

“अक्का, ही चौदा घरं रिकामी राहिलीत. मागचा-पुढचा आकडा धरून मधला काढू. एक ओळ लिहिली की भरतंय.”

“मी त्या दिवशी गेलेच न्हाई. तवाचं पानी मी कसं सांगू?”

“कोण बघायलंय, अक्का?”

“मी बघायले की.”

चौदा घरांतली तीन लागोपाठची होती. ते तीन गुरुवार ती कलबुर्गीच्या दवाखान्यात नवऱ्याच्या, बुद्धरत्नच्या उशाशी बसून होती. चौथ्या गुरुवारी ती मेहकरला परतली आणि विहिरीवर गेली, कपाळ मोकळं घेऊन. तेव्हाही वहीत तिनं तीन आडव्या रेघा मारल्या होत्या, आकडा नव्हता लिहिला.

मृत्युंजयनं भाकरी खाली ठेवली. “मग तिथं ‘नॅन’ लिहा. इंग्रजीत, एन-ए-एन.”

“ते काय असतंय?”

“हितं आकडा न्हाई, असं कॉम्प्युटरला सांगायचं. तिथं तो रेघ तोडतो, पुढं चालू करतो.”

पंचशीलानं एका बोटानं ती तीन अक्षरं उमटवली. “म्हंजे ह्याला ‘न्हाई’ म्हणता येतंय. साहेबापेक्षा बरं हाय.”

तिसऱ्या रविवारी रेघ निघाली. बावीस वर्षांचं पाणी पडद्यावर लाटांसारखं वर-खाली होत गेलं. आणि दोन हजार अकराच्या जूनला, खरंच, पायरी उतरल्यासारखं खाली. मृत्युंजयचा आवाज पडला.

“साहेबांचं खोटं न्हाई हो, अक्का. पण घासून गुळगुळीत करता येतंय. पायरी दिसणारच न्हाई. कॉलेजची पोरं हेच करत्यात.”

“भिताडाला भेग पडली तर तुम्ही गिलावा करता का पाया बघता?”

“...पाया.”

“मग हात काढा त्याच्यावरनं.”

ती परतली ती थेट विहिरीवर. श्रीपतरावांची बायको सुभद्राबाई काठावर बसून तूर निवडत होती. श्रीपतराव जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हातारी विहिरीला सोडत नव्हती.

“काकू, अकरा सालच्या जूनमदी ह्या हिरीला काय झालतं?”

“त्या साली म्हस पडली न्हवं का, बये! तीन दिस होती आत. वर काढली तवा लिटरभर दूध जास्ती देऊ लागली, थंड पान्यात बसून बसून. पुन्यांदा पडू नये म्हनून ह्यांनी काठ चढवला. हे दोन थर. मी बसले ना, हेच.”

पंचशीलानं वाकून बघितलं. खाली सगळा काळा दगड, जुना, दोरांनी खाचलेला. वर दोन थर लाल जांभ्याचे. वर्षानुवर्षं तिनं त्यांच्यावर कोपरं टेकली होती. तिनं टेप लावली.

चव्वेचाळीस.

“अगं बाई,” ती म्हणाली आणि काठावरच बसली. कचेरीच्या कागदावर छापलेलं होतं, ‘काठापासून पाण्यापर्यंत’. काठ वर गेला, तशी तीही वर गेली. कागदाला जागली, आणि तिथंच फसली.

चौथ्या रविवारी मृत्युंजयनं फक्त एवढं सांगितलं, की त्या तारखेपुढच्या साऱ्या आकड्यांना एका ओळीत कसं धरायचं. त्यातून चव्वेचाळीस वजा तिनं स्वतः लिहिलं. कंस मिटवला. पायरी नाहीशी झाली. तीन गुरुवारांची फट तेवढी जिथल्या तिथं राहिली.

“आता गाडी पळाली, अक्का. बैठकीला मी येऊ का संगं?”

“तुम्ही आलात तर म्हणतील, करून दिलं.”

आणि अंकुशराव नेमकं तेच म्हणाले. बैठकीत आठ माणसं होती, आठ चहा होते. साहेबांनी तिचा छापील कागद उलटा-सुलटा बघितला. “हे कुणी करून दिलं?”

“करून न्हाई दिलं साहेब. शिकवलं.”

“बरं. मग इथं काढून दाखवा.” त्यांनी आपला कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

पंचशीलानं पदर खोचला. एक बोट उचललं. त्या बोटाच्या आवाजानं भिंतीवरची पाल मागं फिरली आणि आठही चहांवर साय धरली म्हणतात. मधेच लाल अक्षरं आली. कुणीतरी खुसकन हसलं. ती पडद्याला म्हणाली, “वरडू नको. मिटवते,” आणि कंस मिटवला.

रेघ आली, पायरीसकट. मग तिनं पिशवीतून मोबाइल काढून दगडांचा फोटो पुढं ठेवला. काळ्यावरचा लाल, आणि लालला लावलेली टेप. मग दुसरी ओळ लिहिली, वजा चव्वेचाळीस. पायरी गेली.

“काठ वाढला तवा मी कळवायला पायजे होतं,” ती म्हणाली. “चूक माझी हाय साहेब. खोटं माझं न्हाई.”

अंकुशरावांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता; फक्त कचेरीतून उठून विहिरीपर्यंत कधी गेला नव्हता. “आणि ह्या मोकळ्या जागा? चौदा आहेत. एवढं येतं तर भरून टाकायच्या होत्या.”

“घरी बसून लिहिलं असतं, तर भरल्याच असत्या की.”

आठ माणसांपैकी एकानंही चहाला हात लावला नाही. साहेबांचं बोट पडद्यावर सरकत त्या फटीशी थांबलं. “इथं तर सलग तीन आठवडे काहीच नाही. काय झालं होतं?”

पंचशीला वह्या गाठोड्यात बांधत होती. तिनं गाठ मारली, वर दुसरी मारली.

“पानी होतं साहेब,” ती म्हणाली. “मी नव्हते.”

विहीर यादीत राहिली. गुरुवारी सकाळी आठला ती विहिरीवर आली. काळा दगड जिथं संपतो तिथं तिनं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. लाल थरांवरून अर्धी आत ओणवी होऊन तिनं त्या रेघेपासून टेप सोडली. टप् झालं. कासव वर आलं. तिनं आकडा लिहिला आणि सुभद्राबाईला म्हणाली, “काकू, पुन्यांदा काठ चढवला तर आधी मला सांगा.”