गणपतीच्या सुट्टीखालची नोटीस

मित्रांनो, कोकणातल्या लोटे एमआयडीसीच्या एका केमिकल कंपनीत पंधरा वर्षं गेटजवळच्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना नोटीस बोर्ड आहे. सध्या भंगाराच्या शेडमागे पडलोय, आणि मला राग आलाय. तो लपवणार नाही.

चिपळूणच्या एका सुताराने मला सागाची चौकट आणि कुलपाचं काचेचं दार बसवलं. कंपनीच्या बसमधून उतरले की लोक आधी माझ्यापाशी यायचे. आमच्याकडे एक खोड होती. जुनी नोटीस कोणी काढायचं नाही, तिच्यावरच नवी टोचायची. माझ्या अंगावर कागदांची गोधडी झाली होती.

त्यातली एक मला पाठ आहे. 'कामावर इजा झाल्यास मुंबईला नेऊन पूर्ण उपचार करू. बरा होईपर्यंत नोकरी शाबूत.' खाली सही, शिक्का. लोक त्या दिवशी खुशीत घरी गेले.

मग गंगाराम नावाच्या कामगाराच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं. जवळच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटवरच अडवलं. मॅनेजर रितेशसाहेब म्हणाले, "असं आम्ही कबूल केलंच नव्हतं. कुठे लिहिलंय, दाखवा."

अहो, मी समोरच होतो! तीन महिने तो बिचारा हेलपाटे घालत राहिला, आणि ती नोटीस माझ्याच पोटात. जीव नुसता जळायचा.

शेवटी झाडलोट करणाऱ्या विमलाकाकीला आठवलं. काच आतून पुसायची म्हणून किल्ली तिच्याकडेच असायची. "गंगारामा, ती गणपतीच्या सुट्टीखाली असंल. काढलीय कोणी?" तिने टाचण्या उपसल्या. नऊ कागदांखालून नोटीस निघाली, शिक्क्यासकट.

कामगार अधिकाऱ्यांपुढे ती ठेवल्यावर साहेबांना सगळं आठवलं. गंगारामची नोकरी राहिली, त्याला मुंबईलाही नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं. त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत.

त्याच आठवड्यात मला उतरवलं. माझ्या जागी टीव्हीसारखा स्क्रीन लागला. त्याच्यावर कालचं काही उरत नाही. मित्रांनो, दिलेला शब्द कागदावर मागून घ्या आणि तो कागद स्वतःच्या घरी ठेवा. माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका.

विमलाकाकी रोज सकाळी त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढते. परवा शेडमधून झाडू नेताना गंगारामला सांगत होती, की साहेबांनी तिला हटकलंच, "फोटो कशाला?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, काय नाय साहेब, नीट पुसलाय का बघतंय."