सांधून निघून जाणारा

कमलम्माचा हात भवानी पेठेत नावाजलेला. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या बीमाच्या रुळावरचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून सांधायचा, हे तिचं काम. दिवसाला हजारो गाठी. कितीही बारीक मारली तरी गाठ बोटाला लागायचीच.

म्हणून तर लेकीचं बोलणं तिच्या गळी उतरत नव्हतं. काव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. चमकणारं एक प्रथिन तिनं दोन तुकड्यांत बनवलं होतं आणि प्रत्येक तुकड्याला इन्टीन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा अर्धा भाग लावला होता. एकत्र आले की हे दोन अर्धे म्हणे एकमेकांना हुडकतात, ते तुकडे सांधतात आणि स्वतःला कापून बाजूला होतात. गाठ म्हणून उरत नाही. हे जमलं तर पेशीत एकदम न मावणारं मोठं प्रथिन तुकड्यातुकड्यानं धाडून आतच जोडता येईल, असं काव्या सांगायची.

तुकडे सांधले तरच नळी चमकणार होती, पण तीन वेळा ती काळीच राहिली. आता अर्ध्यांची शेवटची जोडी उरली होती, आणि आज उजेड दिसला नाही तर विषय बदलायचा, असं सरांनी सांगून ठेवलं होतं.

सोमवार होता. कमलम्मा निर्जळी उपासानं लेकीला न्यायला गेली, तेव्हा काव्याचे डोळे सुजलेले. नासू नये म्हणून तिनं नळी पहिल्यापासून बर्फात ठेवली होती. निळ्या दिव्याखाली पाहिलं, तर काळीच. टाकून देते म्हणत तिनं ती उचलली.

"थांब की," कमलम्मा हळूच म्हणाली. "दिवस मावळला. लिंगपूजा हुईस्तोवर काय टाकू नये."

"अव्वा, हे घर न्हाय."

"मी बसले की झालं घर."

कोपऱ्यात ओढणी अंथरून ती बसली. विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर त्यावर ठेवली. आई अशी बसली की घरात कुणी उठत नसे. काव्या लहान असताना डाव्या हातावर खडा घेऊन शेजारी बसायची. आजही ती बसली, तशीच, आणि हातात नळी होती.

पाऊण तास गेला. कमलम्मानं इष्टलिंग गळ्यात घातलं. "आता टाक."

टाकण्याआधी काव्यानं नळी एकदा दिव्याखाली धरली.

आत कोवळ्या पोपटाच्या पंखासारखा हिरवा उजेड होता.

तळहाताच्या उबेनं झालं, हे तिला जरा वेळानं कळलं. तुकडे जोडायला, प्रथिनाची घडी बसायला ऊब लागते, वेळ लागतो. तिनं काळजीपोटी गारठवून ठेवलं होतं.

फोनवर सर म्हणाले, उद्या पुन्हा करून दाखव, हाताच्या नव्हे, यंत्राच्या उबेत. पण विषय बदलायचं त्यांनी काढलं नाही.

कमलम्मा नळीजवळ वाकली होती. "आन् सांधणारा कुटं हाय?"

"त्याच पाण्यात, अव्वा. सुटा. त्याचं काम झालं."

"दिसंना की."

"तो चमकत न्हाय."

कमलम्मानं पदर डोक्यावर ओढला आणि त्या पाण्यातल्या न दिसणाऱ्याला हात जोडले. घरी जाऊन ती उपास सोडायला बसली. पण पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी कितीतरी वेळ ती गाठ चाचपावी तशी आपली दोन बोटं एकमेकांवर घासत राहिली.