साडेचारवर अडलेली विमाने

मित्रांनो, मी एक जुने व्हिडिओ गेमचे यंत्र आहे. कपाटाएवढी उंची, पोटाशी दोन दांडे, कपाळावर काच. माझ्या पडद्यावर आजवर इतकी विमाने पडली, की त्यांचा ढीग केला असता तर चंद्राला ठेच लागली असती. पण एकाही वैमानिकाला खरचटले नाही! सुटीच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागे. "हा माझा उजवा हात," असे मालक कौतुकाने सांगे.

मग मला झटके येऊ लागले. ऐन लढाईत पडदा काळा होई आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. मालक मला थपडा मारू लागला. एका कारागिराने माझ्या वीजपेटीचा स्क्रू पिळून वीज वाढवली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. शेवटी भंगारवाला गाडा घेऊन दारात उभा राहिला.

तेवढ्यात मालकाची थोरली बहीण आली. ती टीव्ही दुरुस्त करते.

"ताई, याचा मेंदूच गेलाय," मालक म्हणाला.

"तुझा शाबूत आहे ना? मग खेळायला लाग."

"आत्ता?"

"बसलेल्या पहिलवानाची ताकद कशी कळणार? त्याला कुस्ती खेळू दे."

मालक विमाने पाडू लागला. ताईने माझे मागचे दार उघडून आत दिवा धरला आणि मी प्रथमच माझे पोट पाहिले. मला वाटायचे, आत विमाने दाटीवाटीने बसली असतील. तिथे होत्या तारा, धूळ आणि ताटाएवढी एक हिरवी पाटी!

"हा याचा मेंदू. याला अवघे पाच व्होल्ट लागतात," ताई म्हणाली. "चार सेलच्या बॅटरीत याहून जास्त असतात."

माझे सारे आभाळ एवढ्याशा विजेवर उडत होते? मी थक्क झाले.

ताईने मीटर लावला. "पेटीतून निघताना पावणेसहा, पाटीवर पोचताना साडेचार."

"मधले कुणी खाल्ले? उंदरांनी?"

तिने यंत्र बंद करून पेटीकडून पाटीकडे येणाऱ्या तारेचे टोक उपसले. आतली एक पिन जळून काळी पडली होती. भाताच्या शिताहून बारीक! ताईने नवे टोक बसवताच मालक बटणाकडे धावला.

"हात लावशील तर खबरदार!" ताई कडाडली. "वाट मोकळी झालीय. तो पिळलेला स्क्रू तसाच ठेवलास, तर पावणेसहा थेट मेंदूवर आदळतील. मग खरंच भंगार!"

मालकाने हात खिशात कोंबले. ताईने पाटीची तार सोडवली, नुसती पेटी सुरू केली आणि स्क्रू उलटा फिरवत मीटरचा काटा पाचवर आणला. मग पेटी बंद करून तार जोडली आणि बटण दाबले.

पडद्यावर आभाळ उजळले. भंगारवाला आत आला आणि त्याने दांडा धरला. दहा मिनिटे गेली, वीस गेली. पडदा मिटला नाही.

"ओ भाऊ, नेताय ना?" मालकाने डिवचले.

"थांबा हो, मरेन मी!" भंगारवाला ओरडला.

मित्रांनो, कुणी चालता चालता अडले, तर लगेच थप्पड उगारू नका आणि टाकूनही देऊ नका. त्याच्यापर्यंत नीट पोचते किती, ते आधी पाहा.