ऊब, ओल, अंधार

कुमुदने चौथी, जीवनची कुंडी ओट्यावर पालथी केली आणि ढेकूळ न् ढेकूळ फोडून पाहिलं. गांडूळ निघालं, आइस्क्रीमची काडी निघाली. गुंज निघाली नाही.

"मी सांगत होतो ना!" अवधूत म्हणाला. वय सात, पण इमारतीतल्या सगळ्या बातम्यांची मालकी त्याच्याकडे होती. "जीवनने बी पेरलीच नाही. नुसती मातीवर थाप मारली."

जीवन पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. गप्प.

हेच कुमुदला आवडलं नाही. पोर कोळ्याचं, उरणला जन्मलेलं. तिकडे हा बोलायला लागला की मासळीचा लिलाव थांबायचा आणि गिऱ्हाइकं आधी याचं ऐकून घ्यायची, असं त्याचा बाप काशिराम शपथेवर सांगे. काशिरामला पनवेलला नोकरी लागली, बिऱ्हाड जवळच्या कोन गावातल्या या इमारतीत आलं, आणि तेव्हापासून एक्सप्रेसवेवरचे ट्रक हॉर्न वाजवायचे सोडून देतात की काय, अशी वेळ आली. असा हा पाच वर्षांचा भोंगा आज सकाळपासून बंद होता.

"जीवन, बी कुठे ठेवलीस रे राजा?"

त्याने मान हलवली. ओठ मिटलेलेच.

"हरवली का? हरवली तर हरवली. मी नाही रागावणार."

पुन्हा मान. डोळे मात्र चमकत होते, काहीतरी मोठं काम हाती असल्यासारखे.

आभा, कुमुदची नात, आपल्या कुंडीवर दोन्ही हात पसरून बसली होती. "आजी, त्याला खिशात ठेवायची होती. पण मनस्वी म्हणाली, खिशात ऊब आहे, अंधार आहे, पण ओल नाही."

"मग खरंच आहे ना ते," मनस्वी म्हणाली. "आजीनेच शिकवलंय."

शिकवलं होतं. रविवारी सकाळी कुमुद या चौघांना घेऊन इमारतीमागच्या बागेच्या पट्टीत बसे, आणि काम सुरू करण्याआधी विचारी, बीला काय लागतं? चौघं बोंबलत, ऊब, ओल, अंधार! वरच्या मजल्यांवरची झोपलेली माणसं खिडक्या लावून घेत.

जीवनच्या डाव्या गालात काहीतरी हललं. आतून जिभेने ते हलकेच उजवीकडे सरकवलं, जपून, अंडं उबवणारी कोंबडी अंडं फिरवते तसं.

कुमुदच्या हातातली माती खाली पडली.

पोरांना बागेत टिकवणं म्हणजे मांजरांची दिंडी काढणं. मेथी उगवली त्या दिवशी चौघं नाचली होती. दुसऱ्या दिवशी मेथीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून तिने चिरनेरच्या रानातून गुंजेच्या शेंगा आणल्या. लालभडक बी, वर काळा ठिपका. पोरं वेडीच झाली. कुमुद सोनाराची लेक. वडिलांच्या दुकानात गुंजांची वाटी तराजूशेजारी असायची, त्याच गुंजांनी ती लहानपणी खेळली. तिला त्यांची भीती कधी शिवलीच नव्हती. वडील एकच सांगायचे, अख्खी गुंज पोटात गेली तर जशी गेली तशी येते. फोडलेली पोटात गेली तर बैलसुद्धा मरतो.

आणि कवच टणक, घासल्याशिवाय पाणी पीत नाही, म्हणून काल संध्याकाळी तिने प्रत्येकाच्या हातात एकेक गुंज दिली आणि याच ओट्यावर घासायला बसवलं. "आतलं पांढरं दिसेपर्यंत घासा," असं तीच म्हणाली होती. रात्रभर वाटीत भिजवलीही तिनेच.

"त्याच्या तोंडात आहे!" अवधूत किंचाळला. "ए, थुंक! थुंक!"

तो धावला तसा जीवन टाकीमागच्या कोपऱ्यात शिरला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला.

"अवधूत, जागेवर थांब." कुमुदचा आवाज इतका हळू होता की अवधूत खरंच थांबला.

"माझ्याकडे चॉकलेट आहे. देऊ? मग उघडेल तोंड."

जीवनने चॉकलेटकडे पाहिलं. त्याचा जबडा किंचित हलला. कुमुदने ते झडप घालून काढून घेतलं आणि ओच्यात लपवलं.

एवढ्यात जिन्यावरून ओल्या हातांनी कोमल उतरली, जीवनची आई. खिडकीतून तिने अर्धंमुर्धं ऐकलं होतं.

"काय झाला काकू? तोंडान काय हाय त्याच्या?"

कुमुदने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. गुंज. घासलेली. भिजलेली. कोमलचा चेहरा पाहता पाहता उतरला.

"बोट घालून काढते मी."

"चावेल तो. आणि चावायलाच नको आहे."

"माझा पोर हाय तो!"

"म्हणून तर धरलंय तुला. तू धावलीस तर तो घाबरेल. रडला तर घशात जाईल. कोमल, मला एकदा बघू दे."

कोमलने हात सोडवून घेतला, पण पुढे गेली नाही. "एकदाच. नाय ऐकला तर मी तुमचं पन ऐकनार नाय."

कुमुद टाकीजवळ गेली आणि मातीत फतकल मारून बसली. गुडघ्यांनी निषेध नोंदवला, तिने तो फेटाळला.

"कुंडी तयार आहे बाळा. तिला दे."

नकार.

"नवी झारी आधी तुला."

झारीवर खरं तर चौघांचा जीव होता. जीवन झारीकडे पाहत राहिला, आणि त्याचा खालचा ओठ थरथरला. झारीही हवी, बीही हवी. डोळ्यांत पाणी जमू लागलं. मागे कोमलने एक पाऊल टाकलं ते कुमुदला पाठीने कळलं.

"आभा," ती म्हणाली, "तुझ्या कुंडीतली गुंज काढ गं. मला दे."

"पण माझी उगवतेय!"

"दे."

आभाने कुरकुरत बी उकरली. कुमुदने ती पदराला पुसली, जीवनच्या नाकासमोर धरली, ठिपका दाखवला, घासलेली पांढरी रेघ दाखवली. मग स्वतःच्या तोंडात टाकली आणि ओठ मिटले.

जीवनच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच थांबलं.

दोघं समोरासमोर बसली, गाल फुगवून. तो तिच्याकडे बघे, ती त्याच्याकडे. रस्त्यावरून कंटेनर गेला, पट्टीतली माती हादरली. मनस्वी खुदकन हसली, तिला आभाने चिमटा काढला. हळूहळू जीवनचे खांदे खाली आले. त्याला सोबत मिळाली होती.

कुमुदने गुंज गालात दाबली आणि दातांच्या फटीतून बोलली. "माझी आधी उगवणार."

जीवनने जोरजोरात मान हलवून छातीवर बोट ठेवलं. माझी.

"तुला माहितीये, तोंडातली बी तयार झाली की काय करते? उडी मारते. जिची उडी लांब, तिचं झाड उंच. एका गुंजेने इथून उडी मारली ती थेट बेलपाड्यात पडली. तिच्या वेलावर आता लोक कपडे वाळत घालतात."

पोराच्या भुवया वर गेल्या. ती गुडघ्यांवर आली, हात जमिनीला टेकले, मान खाली घातली. तोही तसाच झाला. अवधूत, आभा, मनस्वी, तिघंही ओणवी झाली. त्यांच्या तोंडात नुसती थुंकी होती, पण उत्साह गुंजेचा होता.

"मी म्हणेन तेव्हा. आधी नाही. तोंड खाली. एक."

कोमलने तोंडावर पदर धरला.

"दोन."

कुमुद त्याच्या गळ्याकडे बघत होती, त्या बारीकशा गळ्याकडे. तो हलू नये. देवा, तो हलू नये.

"तीन!"

पाच जणं एकदम थुंकली. टण्! झारीवर आवाज झाला. लाल ठिणगीसारखं काहीतरी उसळून ओट्याखाली गेलं. कोमल त्याच्यावर घारीसारखी पडली, बी उचलून उजेडात धरली. काळा ठिपका, घासलेली रेघ. सगळीकडून फिरवून पाहिली. दाताची खूण कुठेच नव्हती.

"अख्खी हाय," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली. जीवनला तिने ओढून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग जे त्याला कवटाळलं ते सोडेचना.

भोंगा सुरू झाला. "आये, सोर! माजी झारीवर परली! माजी सगल्यांत लांब! अवधूतची नुसती थुकी! आजी, तुजी कुठं परली?"

"शोधू या!" अवधूत म्हणाला.

तिघं लगेच कामाला लागली. पाला बाजूला केला, कुंड्या सरकवल्या. आभा चमच्याने माती चाळू लागली, तिची बी होती ती. कुमुद ओणवीच होती. तिने जिभेने डावा गाल चाचपला. उजवा. दातांच्या मागे. जिभेखाली. 'तीन'ला ओठांतून काही बाहेर पडल्याचं तिला आठवेना. मग ती सावकाश उठली, नळावर गेली, हात धुतले, आणि पाणी न पिता नळ बंद केला.

"काकू, मी याला पनवेलला दाक्तरकडं दाखवून आनते," कोमल म्हणाली. "बी पन नेते संगती. रिक्षा बोलावलीय."

"ने."

"आजी, सापडत नाहीये," मनस्वी ओरडली.

"नीट शोधा हं," कुमुद म्हणाली. "घाई नको. गुलाबाखाली बघा, तिकडेच गेली असेल. जो शोधेल त्याची झारी."

पोरं गुलाबाकडे धावली. रिक्षा फाटकात येऊन थांबली, कोमल जीवनला घेऊन आत बसली. कुमुदने पदर झटकला, चपला पायात सरकवल्या.

"कोमल," ती हळूच म्हणाली, "जरा सरकून बस. मीही येते."

कोमलने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मातीत डोकी खुपसून बसलेल्या पोरांकडे पाहिलं. तिने जीवनला मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा मोकळी केली.