डाव्या गुडघ्याची साक्ष

मी डाव्या गुडघ्याची नी-कॅप बोलतेय. नाक मुरडू नका. पाच वर्षं घाम प्यायल्यावर तुमच्याही अंगाला अत्तराचा वास आला नसता. माझी उजवी जोडीदारीण एका सामन्याहून येताना बसमध्येच राहिली. तेव्हापासून उजव्या गुडघ्यावर कुणाची तरी निळी असायची. आमचं कधी जमलं नाही.

मी आधी ताईची. ताई शाळेच्या व्हॉलीबॉल टीममध्ये मागच्या रांगेत खेळायची. जमिनीला टेकता टेकता बॉल उचलायचा, हे तिचं काम. कॉलेजच्या निवडीत ती मागे राहिली, मग औषधाच्या दुकानात लागली आणि मी धाकटीकडे आले. धाकटीचं सगळं असंच आलेलं. ताईचं दप्तर, ताईचे बूट, ताईची मी. 'माझं' म्हणावं असं तिच्या वाट्याला काही आलंच नव्हतं. आई कौतुकाने सांगायची, "आमच्या धाकटीला माझं-तुझं कळतच नाही."

घरातला हा गुण मैदानावर नडला. दोघींच्या मध्ये बॉल आला की जी आधी 'माझा' ओरडेल तिने तो घ्यायचा आणि दुसरीने बाजूला व्हायचं, असा या खेळाचा रिवाज. धाकटी ओरडायचीच नाही. बॉल मध्ये पडायचा आणि शाळेचे सर विचारायचे, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का गं?"

कॉलेजकडून खेळायचं, एवढं एकच वेड तिच्या डोक्यात होतं. तिथे मागच्या रांगेत जागा एकच आणि ती मागणाऱ्या दोघी, आमची धाकटी आणि तिची मैत्रीण. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या. मग ताईनेच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी जिन्यापाशी ती बॉल भिंतीवर मारायची आणि धाकटीकडून 'माझा, माझा' ओरडून घ्यायची. एकदा खालच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "तुझाच गं बाई, आता घेऊन जा." दोघी हसून हसून पायऱ्यांवर बसल्या.

हसू ओसरल्यावर ताई म्हणाली, "माझ्या निवडीच्या दिवशी मी गप्प बसले म्हणून राहिले. तू बसू नकोस."

निवडीच्या दिवशी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं होतं. शेवटच्या डावात बॉल मधोमध आला, जरा मैत्रिणीच्याच बाजूला. मैत्रीण आधी ओरडली, "माझा." मी ऐकलं. धाकटीनेही ऐकलं, कारण तिचा गुडघा जागच्या जागी थबकला. गुडघ्याचं मला कळणार नाही तर कुणाला? आणि मग ती मैत्रिणीहून मोठ्याने ओरडली आणि झेपावली.

बॉल उचलला गेला. माझ्यातल्या स्पंजाने धाकटीचा गुडघा वाचवला. माझ्याखाली मैत्रिणीचं मनगट होतं.

कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंना मोठा आवाज तेवढा ऐकू गेला होता. मनगटाला बर्फ बांधता बांधता त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, ती ओरडली होती ना? तू बाजूला व्हायचंस." मैत्रिणीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली मान घालून माझी कड ओढत बसली. मी काही सैल झाले नव्हते.

यादीत धाकटीचं नाव लागलं. आईने डोळे पुसले. ताईने विचारलं, "ओरडलीस ना?" धाकटी म्हणाली, "हो." खोटं काहीच नव्हतं त्यात.

आता तिला नवी कोरी जोडी आणलीय. मी न धुतलेली, दप्तराच्या तळाशी. मला ती टाकतही नाही, घालतही नाही. वर्गात ती दोन बाक मागे बसायला लागलीय, आणि मैत्रीण प्लास्टरमधला हात सांभाळत डाव्या हाताने लिहिते.

धाकटे, मला लाज वाटते. तुझं रक्षण केलं याचा अभिमान बाळगावा, तर तोही धड बाळगता येत नाही. मला खुशाल पोतेऱ्यात टाक. पण आधी दोन बाक पुढे जा आणि 'तो तुझा होता' एवढं तिला सांग. उद्यावर टाकू नकोस. कालच ती बाकावरच्या शेजारणीला सांगत होती, "नाही गं, मीच उशिरा ओरडले असणार."